गणपती ठेवला, ज्योतिष काढलं

नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात. मी घेते. मधुसूदन, मधुसूदन असं घसा फाडून ओरडल्याशिवाय तो माणूस त्या काळ्या डब्यातून मान वर काढत नसे, अन् तोवर इकडे भाताची पेज झालेली असे. ‘अहो’ला तर त्यानं लग्नापासून कधी ओ दिली नाही. तेव्हा आमच्या घरी नाव घेणं ही गरज होती, फॅशन नव्हे.

साल पंच्याऐंशी. आम्ही प्रताप नगरात राहत होतो, दोन खोल्या अन् एक व्हरांडा. मधुसूदन सरकारी कचेरीत कारकून. सकाळी डबा घेऊन जायचा, संध्याकाळी रिकामा डबा घेऊन यायचा, मधल्या वेळात काय करायचा ते सरकारलाही ठाऊक नव्हतं. त्याचा मामेभाऊ लंडनहून आला तेव्हा त्यानं बाकी सगळ्यांना सेंटच्या बाटल्या आणल्या अन् आमच्या घरी नुसता ह्याच्यासाठी घरगुती कॉम्प्युटर. मला सेंट हवं होतं. मी तसं बोलूनही दाखवलं, पण तोवर ह्यानं खोकं फोडलं होतं.

काय सांगू तुम्हाला त्या डब्याचं रूप. शाळेच्या पाटीएवढा काळा डबा अन् त्यावर खोडरबरासारखी मऊ बटणं. त्याला स्वतःचं तोंड नाही, म्हणून आमचा टीव्ही लागायचा. स्वतःची आठवण नाही, म्हणून आमचा टेपरेकॉर्डर लागायचा. पाहुणा यावा अन् त्यानं अंगावरचे कपडेही आपलेच मागावेत, तशातली गत. बंद केला की सगळं विसरे. लाइट गेली तरी विसरे, अन् नागपुरात लाइट जायला मुहूर्त लागत नाही. मग पुन्हा कॅसेट लावायची. त्या कॅसेटमधून गाणं नाही निघायचं, मांजराच्या शेपटीवर पाय पडल्यासारखं किंचाळणं निघायचं, अन् ते संपेस्तोवर घरात कोणी बोलायचं नाही.

ऐन सिनेमाच्या वेळी टीव्ही ह्याच्या चेंडूच्या खेळात अडकलेला बघून मी एकदा चौकातल्या देवराव टीव्हीवाल्याला बोलावून आणलं. म्हटलं, टीव्हीत चेंडू उड्या मारून राहिला, बघा बरं काय बिघडलं. देवरावानं मागून तारा पाहिल्या, समोरून मधुसूदनला पाहिलं अन् म्हणाला, “वहिनी, टीव्हीले काही नाही झालं. भाऊले झालं.” चहा पिऊन गेला. फी घेतली नाही.

चेंडू उडवून कंटाळा आल्यावर मधुसूदनला वाटलं की आपण यंत्राच्या पोटातली भाषा शिकावी. वरवरची एक सोपी भाषा त्यात होती, पण ती म्हणे बैलगाडीनं जाते. पोटातली भाषा नुसत्या आकड्यांची. आठवणीच्या ह्या खान्यातला आकडा उचल, त्या खान्यात ठेव, शून्य असेल तर अमक्या जागी उडी मार, असल्या एकेका हुकमाचा आकडा झेरॉक्स केलेल्या तक्त्यात शोधायचा, कागदावर मांडायचा अन् मग बटणं दाबायची. एक आकडा चुकला की पडदा पांढरा, सगळं गेलं, लावा पुन्हा कॅसेट. हुकूम संपले की शेवटी ‘सी नाइन’ लिहावं लागे. सी नाइन म्हणजे काम झालं, आता आलास तिथं परत जा. ते राहिलं की यंत्र पुढे पुढे भरकटत जाई अन् वाटेल ते करत सुटे. मला हे पटकन समजलं, कारण आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या पाहुण्यांनाही सी नाइन ठाऊक नव्हतं. कोणी जेवून-खाऊन, पान खाऊन तरी हललं नाही, की मधुसूदन माझ्याकडे बघून हळूच “सी नाइन” म्हणायचा. संसारात त्या डब्याचा एवढाच उपयोग झाला, असं मी तोवर म्हणत होते.

मग नीलाचं प्रकरण निघालं.

नीला माझी नणंद. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरीला. सासरे गेले तेव्हा ती फ्रॉकातली होती, मधुसूदननंच तिला वाढवलं. पोट्टी हुशार, तोंडानं तिखट, अन् जीव जडला कोणावर, तर अनंतावर. अनंत हिंगण्याच्या एका कारखान्यात होता. स्वभावानं सोनं, पण बोलायचं म्हटलं की घशात कापूस. त्याला कारण होतं. त्याचे आई-वडील लहानपणी गेले, काका-काकूंनी सांभाळलं. काकू म्हणजे यमुताई अन् काका विश्वनाथराव. नागपूरच्या महाल भागात राहायचे. एका घरात, एका छताखाली, अन् बारा वर्षं एकमेकांशी अक्षर बोलले नव्हते. भांडण कशावरून झालं ते कोणी वांग्याच्या भाजीवरून सांगे, कोणी ट्रान्झिस्टरवरून. “अनंता, त्यांना सांग पाणी तापलं.” “अनंता, तिला सांग मला नको.” पोराचं सगळं बालपण असं निरोप पोचवण्यात गेलं. एक्स्चेंजमध्ये खरं तर नीलानं नाही, त्यानं नोकरी करायला हवी होती.

यमुताईंना पोरगी पसंत होती. घर पसंत होतं, आमचं जुनं घराणं पसंत होतं, माझ्या हातची कोथिंबिरीची सांबारवडीसुद्धा पसंत होती. पण पत्रिका! महालातल्या जोशांनी दोन्ही पत्रिका मांडल्या अन् मान हलवली. गुण नऊ, वरून नाडीदोष. यमुताई म्हणाल्या, नाही म्हणजे नाही. अन् काकूला दुखवून लग्न करणार नाही, असं अनंत म्हणाला. म्हणजे म्हणाला नाही, नुसता मान खाली घालून बसला, पण आम्हाला कळलं.

नीलानं त्याला पंधरा दिवस दिले नाहीत की रडून दाखवलं नाही. अमरावतीच्या बदलीचा अर्ज भरला अन् स्वयंपाकघरात येऊन आम्हा दोघांना सांगितलं. “दादा, हे मोडलं तर मी तिकडे जाईन. मग दिवाळीलाही मला बोलावू नका. त्याच गावात त्याला दुसरीसोबत बघायला मी येणार नाही.” मधुसूदनच्या हातातला घास तसाच राहिला. त्याचं त्या पोरीवर किती प्रेम होतं ते मला माहीत आहे, माझ्यावर एवढं असतं तर मला सेंट मिळालं असतं.

वाट काढली ती यमुताईंनीच, नकळत. मुंबईला कॉम्प्युटर पत्रिका काढून देतो, असं त्यांनी पेपरात वाचलं होतं. जोशी माणूस आहे, माणूस चुकतो, यंत्र कसं चुकेल, असं त्या शेजारणीला सांगून राहिल्या होत्या. ते ऐकून अनंतानं जन्मातलं पहिलं धाडस केलं. म्हणाला, नीलाच्या दादाकडे कॉम्प्युटर आहे. यमुताईंनी विचार केला अन् कबूल झाल्या, पण अटींवर. पत्रिका मराठीत पाहिजे. इंग्रजीतली चालायची नाही, कारण इंग्रजाला नाडी म्हटलं तर लेंग्याची आठवेल. प्रत्येक पत्रिकेच्या आधी गणपती पाहिजे, त्याशिवाय शुभकार्याला हात लावायचा नाही. अन् त्या स्वतः येऊन डोळ्यांनी बघणार.

मधुसूदन भडकला. ज्योतिष म्हणजे थोतांड, मी माझ्या यंत्राला असलं काही शिकवणार नाही. मी म्हटलं, तीन महिने चेंडू उडवला त्यात कोणतं विज्ञान पुढे गेलं, ते सांग आधी. त्यानं व्हरांड्यात बसलेल्या नीलाकडे बघितलं, अन् आलेखाचा कागद काढून बसला.

आता ऐका गंमत. त्या यंत्राला अक्षर म्हणून काही कळतच नाही. आकडा कळतो. पासष्ट म्हटलं की ते आपलं इंग्रजी ए काढतं, कारण साहेबानं तसं ठरवून ठेवलं. मधुसूदन म्हणाला, आपण ठरवू, पासष्ट म्हणजे क. यंत्राला काय, जो सांगेल त्याचं ऐकतं. प्रत्येक अक्षर आठ बाय आठ चौकटींत बसवायचं, काळी चौकट की पांढरी चौकट, बस. ह्यानं काढलेला क पाहून मला वाटलं बगळा आजारी आहे. ळ तर दाखवूच नको म्हटलं.

शेवटी मी पदर खोचला. अहो, ठिपक्यांची रांगोळी काढत माझा जन्म गेला! ठिपक्यांत काय बसतं अन् काय नाही, हे मला कोण शिकवणार? पहिलं तर सांगून टाकलं, मराठी अक्षर आठ ओळींत मावत नाही. वर मात्रा राहते, खाली उकार राहतो, मधे बिऱ्हाड. सोळा ओळी लागतील. मधुसूदननं कपाळाला हात लावला, पण ऐकलं. मी ओट्यावर पीठ पसरून बोटानं अक्षर काढून बघायची, जमलं की कागदावर ठिपके भरायची. तो एकेक ओळ मोजून तिचा आकडा करायचा. ३ काढून झाला तर म्हणाला, ६ वेगळा नको काढू, तीनच आरशात बघितला की सहा होतो, तेवढीच जागा वाचेल. अन् खरंच यंत्राकडून त्यानं तो उलटा करून घेतला. मी मनात म्हटलं, ह्या माणसाला काटकसर येते तर, घरात कशी दिसत नाही?

पहिल्या वेलांटीनं मात्र त्याचा घाम काढला. ती बोलताना अक्षराच्या मागून येते अन् लिहिताना पुढे जाऊन बसते, लग्नातल्या रुसलेल्या मामासारखी. यंत्र बिचारं सरळमार्गी, एकापुढे एक अक्षर टाकत जाणारं. त्याला थांबवायचं, पुढे वेलांटी येऊन राहिली का ते बघायला लावायचं, तिला आधी बसवायचं, मग अक्षर. कितीदा पडदा पांढरा झाला असेल! एका सकाळी तो अंगावर टॉवेल गुंडाळून न्हाणीतून ओरडत बाहेर आला की सापडलं, एक उडी एक खाना जास्त मारत होतो. शेजारच्या कांताबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी आठ दिवस आमच्याकडे दही मागितलं नाही.

अक्षरं झाल्यावर मी गणपतीला बसले. चांगला पडदाभर काढला. मुकुट, सोंड, मोदक, पायाशी उंदीर, उंदराला मिशासुद्धा. माझ्या आयुष्यात मी एवढं सुंदर काही काढलं नाही, आजही सांगते. मधुसूदननं तो यंत्रात भरला, मग अक्षरं भरली, मग त्यांना जोडणारे हुकूम भरले. अन् मग डोकं धरून बसला.

“ज्योतिष कुठे घालू?” तो म्हणाला.

जागाच उरली नव्हती. डब्यात सोळा हजार खाने, त्यातले सात पडदाच खातो. उरले नऊ. सहा गणपतीनं घेतले, बाकीचे मराठीनं. नक्षत्रं, राशी, नाडी, गण ह्यांची कोष्टकं घालायला बोटभर जागा नाही. गणपती थोडा लहान करू का, असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, खबरदार माझ्या गणपतीला कात्री लावशील तर! अन् मी नसते म्हटलं तरी यमुताईंनी म्हटलंच असतं, की एवढासा गणपती? अक्षरं काढावीत तर पत्रिका मुकी होते. उरलं काय, तर ज्योतिष. ते काढलं.

म्हणजे असं, की दोघांची नावं, जन्मवेळा, गावं, सगळं ते यंत्र विचारणार, नीट मराठीत विचारणार, अन् उत्तर एकच देणार. आकडा कोणता घालायचा, ह्यावर आमची जेवताना चर्चा झाली. मी म्हटलं छत्तीस. तो म्हणाला, पैकीच्या पैकी कोणाला येत नाहीत, संशय येईल. बत्तीस घातले. खाली ‘विवाह उत्तम. परस्परांत अखंड प्रेम.’ खोटं बोलल्याचं दुःख मधुसूदनला नव्हतं. एवढ्या हुकमांत कुठे विचार म्हणून नाही, नुसती ढकलगाडी, ह्याचं होतं. दोन दिवस तोंड पाडून हिंडत होता.

रविवारी सकाळी मंडळी आली. दोन सायकलरिक्षांतून. एका रिक्षात यमुताई, दुसऱ्यात विश्वनाथराव, अन् अनंत आपल्या सायकलवर मधोमध. एका रिक्षात बसणं त्या दोघांनी बारा वर्षांपूर्वीच सोडलं होतं. रिक्षा फाटकाशी थांबवून ठेवल्या. यमुताई टीव्हीसमोरच्या खुर्चीत बसल्या, विश्वनाथराव खिडकीशी, पाठ करून.

कॅसेट किंचाळायला लागली तशी यमुताईंनी पदर डोक्यावरून घेतला. पडद्यावर आधी नुसत्या आडव्या रेघा आल्या, मग मुकुट, मग सोंड भरत गेली. उंदराच्या मिशा उमटल्या तेव्हा त्यांनी हात जोडले. अनंतानं जोडले. देवाशप्पथ सांगते, मधुसूदननंही जोडले, पण ते कॅसेट मधे अडकली नाही म्हणून. मग पडद्यावर मराठी आलं. ‘वराचे नाव’. यमुताई पुढे वाकून एकेक अक्षर वाचून राहिल्या होत्या. अनंत-नीला दोघांची माहिती घातली, मधुसूदननं बटण दाबलं. गुण ३२. विवाह उत्तम. परस्परांत अखंड प्रेम. नीला दाराच्या चौकटीला धरून उभी होती, तिनं डोळे मिटून घेतले. मी सांबारवडीची बशी पुढे केली.

यमुताईंनी बशी घेतली नाही.

“आता माझी अन् ह्यांची लावा,” त्या म्हणाल्या.

मधुसूदन म्हणाला यंत्र तापलं आहे. त्या म्हणाल्या, थांबते. तो म्हणाला लाइट जाईल. त्या म्हणाल्या, गेली की बघू. मी पंख्याकडे बघून राहिले होते, की बापा, आता तरी थांब. रोज हमखास जाणारी लाइट, त्या दिवशी मेली गेली नाही. पुन्हा गणपती आला. यमुताईंनी आपली जन्मवेळ सांगितली, अन् नवऱ्याची सांगितली, न अडखळता, मिनिटांसकट. मधुसूदननं पुन्हा बटण दाबलं.

गुण ३२. विवाह उत्तम. परस्परांत अखंड प्रेम.

विश्वनाथरावांनी मान वळवून पडदा वाचला. नीला पांढरीफटक पडली. मी तर मनात अमरावतीची गाडी पकडूनही दिली होती.

यमुताईंनी ती अक्षरं पुन्हा एकदा वाचली. मग म्हणाल्या, “आमच्या वेळी जोशांनीही हेच सांगितलं होतं. उत्तम म्हणाले होते. वडिलांनी पेढे वाटले.” मग नीलाला जवळ बोलावलं. “अनंता रागावला की काय करतो?”

नीला घाबरली होती, पण खोटं बोलली नाही. “गप्प बसतो. मग मी भांडते. मग बोलतो.”

“बोलतो?” यमुताईंनी विचारलं.

“खूप बोलतो,” नीला म्हणाली.

यमुताईंनी अनंताकडे असं बघितलं, की जणू हा पोट्टा आपल्या घरात वाढलाच नाही. “मला उत्तम सांगून देऊन टाकलं,” त्या म्हणाल्या. “माणूस कसा आहे, रागावला तर काय करतो, काही बघू दिलं नाही. तू बघितलंस ना? मग मला ह्या डब्याला काही विचारायचं नाही. जोशांनाही नाही. तारीख काढा.”

नीलाला रडू फुटलं. मला फुटलं. ह्या गडबडीत खिडकीकडून विश्वनाथरावांचा आवाज आला, खरखरीत, न वापरलेल्या कुलपासारखा.

“अनंता, तिला सांग. मलाही कोणी विचारलं नव्हतं.”

अनंत सवयीनं वळला, निरोप द्यायला तोंड उघडलं. यमुताईंनी हात वर केला.

“राहू दे. ऐकलं मी.”

त्यांनी बशीतून एक वडी उचलली. मग बशी स्वतः उठून खिडकीपाशी नेऊन ठेवली अन् परत येऊन बसल्या. बोलल्या काही नाहीत. बशी मात्र रिकामी झाली.

मंडळी निघाली तेव्हा मी अन् मधुसूदन टीव्हीसमोरच उभे होतो. अनंत-नीला फाटकापर्यंत गेले. मधुसूदनचा चेहरा पडलेला. मला वाटलं, भावनेनं भरून आलं असेल. तो म्हणाला, “विवाह शब्दाची वेलांटी इतकी बरोबर बसली, एकानं तरी म्हणावं?” मी त्याला भैताड म्हटलं. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा प्रेमानं म्हटलं. माझ्या गणपतीबद्दल तरी कोण काय बोललं होतं?

तेवढ्यात दारातून रिक्षावाला आत डोकावला. गमछ्यानं तोंड पुसत होता.

“बाई, माही सवारी कुठं हाय जी? केव्हाचा थांबून राहिलो.”

मी बाहेर जाऊन पाहिलं. रस्त्याच्या टोकाला एकच रिक्षा चालली होती. हुडाखाली दोन डोकी होती, जरा अंतर राखून, पण दोन होती. अनंत सायकल हातात धरून फाटकाशीच उभा होता, निरोप पोचवायला कोणी बोलावतं का, ते बघत.

“तुमची सवारी गेली,” मी त्याला सांगितलं, अन् मधुसूदनला हाक मारली. एका हाकेत आला. रिक्षाचं भाडं त्यानंच दिलं.